पाच पेचांचा पैसा

आमच्या घरी तांब्याचा पैसा कधी सरळ खर्च झाला नाही. तो आधी खिडकीपाशी जायचा, उजेडात तिरका धरला जायचा, त्याच्यावरच्या महाराजांच्या पगडीचे पेच, म्हणजे कापडाचे पीळ, मोजले जायचे, आणि मगच त्याची बोरं किंवा पेन्सिल आणायला सुटका व्हायची. हे मी इतक्या लहानपणापासून पाहत आले होते की सगळ्याच घरांत असं करतात, असं मला वाटे. शाळेत एकदा मैत्रिणीने मला पैसा दिला तेव्हा मी सवयीने तो वर धरून एक डोळा मिटला. ती म्हणाली, "क्या देख रही है? खोटा है क्या?" मी म्हटलं, पगडीचे पेच मोजतेय. पुढे कित्येक दिवस वर्गात मला 'पगड़ीवाली' म्हणत.

आता ग्वाल्हेरातल्या हरिशंकरपुरममध्ये दुपारी जेवून आडवी झाले की ह्या पैशांची आठवण फार येते. आठवण कसली, ते स्वतःच येतात. डोळा लागता लागता काळे, गुलाबी, हिरवट पैसे एकामागून एक उजेडात तिरके होताना दिसतात आणि झोप लागेपर्यंत मी पेच मोजत राहते. खाली रस्त्यावर टेम्पोवाला 'बाड़ा, बाड़ा' असं मोठ्या चौकाचं नाव ओरडत असतो आणि इकडे मी बारा वर्षांची झालेली असते. रक्तदाबाच्या गोळीने असं होतं, असं सून म्हणते. म्हणो बापडी.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील, शेजारच्या हिंदी मुलींना त्यामुळे वाटे की मी आजोळी राहते, आणि हिचे वडील कुठे असतात हे विचारायची त्यांना चोरी होई. नाना सेक्रेटरिएटात कारकून होते. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला तेव्हा राजधानी वर्षातले काही महिने ग्वाल्हेरला आणि काही महिने इंदूरला असे, आणि नाना फायलींच्या पेट्यांबरोबर जा-ये करत. मी बारा वर्षांची झाले तोवर मध्य भारतही मोडला होता. त्याहून मोठा प्रांत झाला होता, राजधानी भोपाळला गेली होती, आणि नानांना भोपाळला हजर व्हायचा हुकूम आला होता. आमच्या भागातल्या, ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेतल्या, मराठी घरांतून त्या हिवाळ्यात दुसरं बोलणंच नव्हतं. कोण जाणार, कोण मुदतीआधी पेन्शन घेणार, भोपाळच्या पाण्यात डाळ शिजते की नाही. आमचं संक्रांत झाली की निघायचं ठरलं होतं.

पण कारकून होण्याआधी, अगदी तरुणपणी, नाना नाण्यांचे ठसे कोरत. संस्थानासाठी ठसे करणारा एक कारखाना होता, तिथे ते शिकाऊ उमेदवार म्हणून लागले होते. ठसा म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्याच्यावर चित्र उलटं आणि खोल कोरायचं. तांब्याच्या चकतीवर तो आपटला की चित्र सुलटं आणि उठावदार उमटतं. दोन-तीन वर्षं नानांनी वेलबुट्ट्या आणि कडेचे दाणे कोरले. मग एकदा त्यांना महाराजांच्या चेहऱ्याचा अख्खा ठसा करायला मिळाला. नेहमीच्या पैशावर महाराजांच्या पगडीला चार पेच असत. नानांनी पाच कोरले.

मुद्दाम नव्हे. माझे आजोबा दरबारात नोकरीला होते आणि त्यांची दरबारात जायची पगडी घरात खुंटीवर असे. तिला पाच पेच होते. लहानपणापासून नानांच्या डोळ्यांत तीच बसलेली, त्यामुळे समोर नमुना ठेवलेला असूनही हाताने घरचीच पगडी कोरली. दुसऱ्या कुठल्या गावच्या कारागिराकडून ही चूक झाली नसती.

लाखेवर छाप घेतला, तो पाहणाऱ्याने पास केला, आणि त्याच आठवड्यात नाना तापाने आडवे झाले. ते परत कामावर गेले तोवर त्या ठशाने दिवसभर पैसे पाडून झाले होते, कोणीतरी पेच मोजले होते आणि ठसा कानशीने घासून बाद केलेला होता. वहीत मोठ्या साहेबांचा शेरा होता, पगडीचे पेच पाच, हात कच्चा आहे. पाडलेले पैसे पोत्यांतून केव्हाच बाहेर गेले होते. म्हणजे नानांनी स्वतःचा पैसा कधी पाहिलाच नाही. लाखेवरचा छाप तेवढा पाहिला होता, आणि लाखेत सगळेच चेहरे गोड दिसतात, असं ते म्हणत. त्यानंतर नानांना ठशांवरून काढून कारकुनीच्या टेबलावर बसवलं, अशी आमच्या घरातली हकिकत होती. आई ती पाहुण्यांना पोह्यांबरोबर सांगे.

नानांची इच्छा एवढीच होती की त्या पाच पेचांच्या पैशांपैकी एक, न झिजलेला, एकदा हातात घेऊन बघायचा. "माझा हात कच्चा होता की नव्हता, हे मला माझ्या डोळ्यांनी बघू दे," ते म्हणत. "पेच पाच होते, कबूल. पण पाच पेच म्हणजे कच्चा हात नव्हे." ह्या विषयावर ते चहा गार होईपर्यंत बोलू शकत. जुन्या पगड्यांना किती पेच असत, कोणत्या घराण्यात कसे बांधत, साहेबांना त्यातलं काय कळत होतं. आई म्हणे, "अहो, वीस वर्षं झाली. तुम्ही अजून तिथेच बसलात." ते खरंच तिथेच बसले होते.

आणि आता वेळ संपत आली होती. संस्थानचे पैसे सरकारने चलनातून काढले होते. भाजीवाल्या आणि चणेवाले ते अजून गुपचूप घेत-देत, पण दर महिन्याला कमी होत होते, कारण कसेऱ्यांकडे, म्हणजे तांबटांकडे, वजनाने विकून लोक त्यांचे तांबे-पातेल्या करून घेत. त्यात पुढच्या वर्षी रुपयाचे शंभर नवे पैसे होणार, अशी बातमी. नव्या पैशांच्या गर्दीत जुन्याला कोण विचारणार? आणि ग्वाल्हेरचे पैसे ग्वाल्हेरातच फिरत. भोपाळला जाऊन आमचा पैसा सापडणं शक्यच नव्हतं.

तर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे सगळे रविवार आम्ही दोघं पैसा शोधत हिंडलो. नानांना चाळिशी लागली होती, जवळचं धूसर दिसे, म्हणून डोळे माझे आणि भिंग त्यांचं. आम्ही बाड्यावरून निघत असू. नाना भाजीवालीकडून मुठीने जुने पैसे बदलून घेत, मी ते फ्रॉकच्या ओच्यात घेऊन एकेक तिरका धरी. बहुतेक पैशांवर महाराज असे दिसत जसं कोणी पडद्यामागे उभं आहे. नाक असे तर डोळा नसे. पगडी तर सगळ्यांत आधी जाई, कारण पैशावरचा सगळ्यांत उंच भाग तोच, बोटं आधी तिलाच लागतात. कधी एखाद्यावर पेच दिसत, मी पुटपुटत मोजी, एक, दोन, तीन, चार. नाना श्वास धरून उभे असत. "चार," मी म्हणे, आणि ते म्हणत, "बरं, पुढचा."

मला तो पैसा नानांपेक्षाही जास्त हवा होता, हे आज कबूल करते. माझ्या मनात त्याची एक मोठी मिरवणूक होती. पैसा सापडतो, तो इतका सुंदर असतो की बघणारे गप्प होतात, ते मोठे साहेब कुठूनतरी काठी टेकत येतात आणि म्हणतात, चुकलं हो आमचं. मग नाना पुन्हा ठसे कोरायला लागतात आणि आम्ही भोपाळला जात नाही. कारखाना बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि ते साहेबही वारले होते. पण ऊन खात ओट्यावर बसलं की हे सगळं अगदी खरं वाटे.

कलशाची कल्पना नानांची. एका रविवारी रिकाम्या हाताने परत येताना ते वाटेतच थांबले आणि म्हणाले, "आपण पागल आहोत बेटा. बाजारात काय शोधतोय? बाजारातला पैसा झिजणारच. जो पैसा बाजारात जातच नाही तो शोधला पाहिजे." असे पैसे कुठे असतात ते आम्हा दोघांनाही एकदमच सुचलं.

आमच्याकडे पूजेच्या कलशात सुपारीबरोबर तांब्याचा पैसा घालतात. मधल्या काळात भोकाचा पैसा निघाला होता, तो बायकांना चालेना. देवाला भोकाचा पैसा कसा द्यायचा? त्यानंतर घोड्याचा पैसा आला, तो तांब्याचाच आहे ह्यावर कोणाचा भरवसा बसेना. मग संस्थानचा जुना पैसाच बरा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पूजा झाली की कलशातला पैसा गुरुजी घेऊन जात. पुढच्या घरी पूजा निघाली की त्या घरची बाई गुरुजींकडे निरोप पाठवी, एक तांब्याचा पैसा पाठवा, आमच्याकडे नाही. गुरुजी पाठवत. पूजा झाली की तो पुन्हा गुरुजींकडे. संस्थान गेलं, दरबार गेला, पण आमच्या पन्नास-साठ घरांत महाराजांचा पैसा असा पाण्यातून पाण्यात फिरत राहिला होता, आणि बाहेरच्या लष्कराला त्याची खबरही नव्हती.

गुरुजी म्हातारे आणि फार हसरे होते. त्यांनी लाल फडक्याची पुरचुंडी आणून पाटावर उलटी केली आणि खोलीत एकदम उजेड पडल्यासारखं झालं. पैसे गुलाबी होते. नवजात बाळाच्या तळव्यासारखे गुलाबी आणि चकचकीत. नानांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी एकेक उचलून तिरका धरू लागले. गुरुजी म्हणाले, "काय शोधताय हो? सोनं लागलंय की काय एखाद्याला?"

"पगडीचे पेच बघतोय, गुरुजी," नाना म्हणाले.

"पेच? मला तर ह्यात महाराजांचं तोंडसुद्धा दिसत नाही." गुरुजी हसले आणि आम्हीही हसलो.

खरं म्हणजे तिथेच कळायला हवं होतं. पण आम्ही म्हटलं, ही जुनी पुरचुंडी असेल. गुरुजींकडे सतत नवे पैसे येत होते. तुळशीची लग्नं, सत्यनारायण, भोपाळला जाणाऱ्या घरांतून तर निघण्यापूर्वी एकेक पूजा होतच होती. आम्ही दर रविवारी जाऊ लागलो. दुपारच्या उन्हात गुरुजींच्या ओसरीवर बसायचं, त्यांच्या घरचा आल्याचा चहा प्यायचा आणि गुलाबी पैसे तिरके धरायचे. मला त्या ओसरीवर फार सुख वाटे. पैसे ऊबदार होत, बोटांना तांब्याचा वास लागे, आणि नाना गुरुजींना पगड्यांबद्दल सांगत. असेच चार-पाच रविवार गेले आणि एकाही पैशावर एकही पेच सापडला नाही.

मग आमच्या घरची पूजा आली. निघण्यापूर्वी सत्यनारायण घालायचा, असं आईने ठरवलं होतं. आदल्या दिवशी ती मोरीपाशी पूजेची भांडी घेऊन बसली. चिंचेचा कोळ, मीठ, राख आणि नारळाची शेंडी. ताम्हण, पळी, कलश, सगळं घासून झालं आणि मग तिने गुरुजींकडून आणलेला पैसा उचलला, कोळात बुडवला आणि शेंडीने खसाखसा घासायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "आई, हा तर आधीच चमकतोय."

"मागच्या घरच्यांनी घासला असेल. आपल्या घरी आपण घासायला नको?"

"तू दर वेळी घासतेस?"

"मग? मैला पैसा देवाला देऊ?"

"बाकीच्या सगळ्या घरीसुद्धा घासतात?"

"अगं, हे काय विचारणं झालं? आपण काय तसे लोक आहोत?"

मी आत पळत गेले आणि माझ्या कंपासपेटीतला एक बाजारातला पैसा घेऊन आले, काळा, चिकट, हिरवा डाग पडलेला. तो पूजेच्या पैशाशेजारी धरला. काळ्या पैशावर महाराजांचा कान होता, मिशी होती, पगडीवर पुसटशा दोन रेघा होत्या. आईच्या हातातल्या गुलाबी पैशावर बटाट्यासारखं एक टेंगूळ होतं, बाकी काही नाही. आम्ही झिजलेल्यांतून उठून गेलो होतो ते थेट सगळ्यांत जास्त झिजवलेल्यांत. शंभर हातांतून जाऊन जेवढा पैसा झिजत नाही, तेवढा आमच्या बायका एका राखेच्या चिमटीने झिजवत होत्या, तेही दर पूजेला, भक्तिभावाने.

मला इतका राग आला की माझे कान तापले. मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांनी मिळून नानांचे पेच घासून टाकले."

आईचा हात थांबला. रागावेल असं वाटलं होतं, पण ती नुसती त्या पैशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला कोणी सांगितलं होतं का? तुम्ही दोघं बाहेर हिंडत होता. मला एकदा तरी विचारलं?" तिच्या आवाजात रडू होतं. मी तिच्याशी तसं बोलायला नको होतं. तिने तो पैसा तसाच अर्धा घासलेला कलशात टाकला.

नाना ऑफिसातून आल्यावर मी त्यांना दोन्ही पैसे दाखवले. त्यांनी ते तळहातावर शेजारीशेजारी ठेवून खूप वेळ पाहिले. "जाऊ दे बेटा," ते म्हणाले. "राहिलं." आणि त्यांनी भिंग ट्रंकेत, पुस्तकांच्या खाली ठेवून दिलं. त्यांनी एवढंच जरा चिडून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी आईने मला जिरं आणायला पाटणकर बाजारात पाठवलं. आमच्या नेहमीच्या किराणेवाल्याकडे गर्दी होती, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथले चाचा म्हातारे होते, चष्मा कानाला दोऱ्याने बांधलेला. ते जिरं तोलू लागले तेव्हा मी तराजूकडे बघत होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. एका पारड्याच्या साखळीला वर कापडाची एक बारकी थैली शिवलेली होती, तेलाने काळी झालेली. तिच्या एका कडेची शिवण उसवली होती आणि तिथून नखाएवढी तांब्याची कड दिसत होती.

मी विचारलं, "चाचा, इसमें क्या है?"

"पासंग है बिटिया. ये पलड़ा हल्का है, तो बराबर करने को पैसा डाल रक्खा है."

"कब से?"

"जब तराज़ू लिया था तब से. नया-नया पैसा निकला था, चमकता हुआ, वही सी दिया." त्यांनी जिऱ्याची पुडी बांधली. "बीस बरस हो गए होंगे. किसी ने छुआ नहीं."

वीस वर्षं, आणि कोणी हात लावला नाही. मी पुडी घेतली की नाही तेही मला आठवत नाही. घरापर्यंतचा रस्ता मला आठवतच नाही, फक्त एवढं आठवतं की उन्हात सगळी दुकानं, त्यांच्यातले तराजू, त्यांच्या साखळ्या हळूहळू झुलत होत्या आणि मला वाटत होतं, प्रत्येकात एकेक महाराज शिवलेले आहेत.

नानांना मी सांगितलं तेव्हा ते उठून ट्रंकेपाशी गेले. ट्रंकेतलं सगळं सामान बाहेर काढून त्यांनी तळचं भिंग घेतलं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "जा. पण आता जे निघेल ते निघेल, बरं का." मग तिने आपणहून नानांच्या कोटाची कॉलर नीट केली.

चाचा आधी तयार होईनात. पासंग काढला तर तोलणार कसं? दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती. नानांनी त्यांना सगळी हकिकत सांगितली नाही, एवढंच म्हणाले, "मेरे हाथ का काम है शायद, एक बार देखना है." चाचांनी चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं आणि शिवण उसवून पैसा त्यांच्या हातात दिला. "जल्दी देखिए बाबूजी, गाहक खड़े हैं."

नाना दुकानाच्या पायरीवर, उजेडात आले. पैसा गडद विटकरी रंगाचा होता आणि त्याच्यावरची एकेक रेघ जिवंत होती. मी भिंगाखाली मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजलं. पाच. मला रडूच आलं. "नाना, पाच," मी म्हटलं. "पाच आहेत."

नाना पेच मोजतच नव्हते. त्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं, पुढे-मागे करून बसवलं आणि पगडीच्या खाली बघत राहिले. मागे गिऱ्हाईकं चुळबुळत होती, कोणीतरी "अरे भाई, कित्ती देर?" म्हणालं. नाना बघतच होते. त्यांचं तोंड जरा उघडं राहिलं होतं, लहान मुलाचं राहतं तसं.

"कान बघ," ते म्हणाले.

मी पाहिलं. आधी मला काही कळलं नाही. मग कळलं, आणि एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. कान खाली आला होता, पार जबड्यापाशी. डोळा सपाट होता, कागदावर काढून चिकटवल्यासारखा. हनुवटी घाईने उरकली होती. पगडी मात्र सुरेख होती, पाचही पेच असे पिळदार की हात लावून बघावेत. पण त्या सुरेख पगडीखाली जो माणूस होता तो बरोबर नव्हता. हे मला बाराव्या वर्षीही दिसलं.

"छान आहे, नाना," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "कच्चा आहे." आणि ते हसले. मोठ्याने नाही, पण अगदी मनापासून, असं हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं. "मी वीस वर्षं पेच मोजत बसलो, बघ. ते कानाबद्दल बोलत असणार."

त्यांनी पैसा चाचांच्या हातात ठेवला. चाचांना दया आली असावी. ते म्हणाले, वजनाला बरोबर असा दुसरा पैसा देत असाल तर हा ठेवून घ्या. माझ्याकडे कंपासपेटीतला होता, मी खिशात हात घातला. नानांनी मला थांबवलं आणि चाचांना म्हणाले, "नहीं, रहने दीजिए. यहाँ ये काम का है." चाचांनी पोती शिवायच्या दाभणाने थैली शिवली, तराजू उचलून पाहिला आणि पहिल्या गिऱ्हाइकाची साखर घातली. पारडी सरळ राहिली.

आम्ही बाड्याकडे चालू लागलो. ऊन उतरलं होतं, तिळाच्या रेवड्यांचा वास सगळीकडे होता, आणि टांगेवाले घोड्यांना पाणी दाखवत होते. नाना इतके हलके चालत होते की मला त्यांचा संताप आला. माझी सगळी मिरवणूक मोडली होती आणि ह्यांना काही वाटतच नव्हतं. मी मागे मागे, पाय ओढत चालत होते.

"रुसलीस का?" त्यांनी मागे वळून विचारलं.

"त्या साहेबांनी असं करायला नको होतं," मी म्हटलं. "एकदा कान चुकला म्हणून काढून टाकायचं? शिकवलं असतं तर तुम्ही नीट कोरलं असतं."

नाना थांबले. माझ्याकडे नाही, समोर बघत होते, पण समोरच्यातलं काही त्यांना दिसत नसावं.

"काढलं नव्हतं मला कोणी," ते म्हणाले. "मी शेरा वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं होतं. पोलादाचा नवा ठोकळा माझ्या कोरायच्या जागेवर काढून ठेवला होता, पुन्हा कोर म्हणून. मी त्याला हात लावला नाही. टेबलाच्या कामाचा अर्ज मीच लिहून दिला."